डावीकडे जरा जास्त

मी टेबल पंखा बोलतोय. जरा घाईघाईत बोलतोय, समजून घ्या. मला एका जागी नजर ठेवता येत नाही. डावीकडचं काही सांगायला लागलो की मान उजवीकडे वळते, आणि उजवीकडचं तोंडावर येईपर्यंत पुन्हा डावीकडे. समोरचं तर येता-जाताच दिसतं. त्यामुळे माझी हकिगत थोडी तुटक वाटेल. मला पाहून लोक म्हणतात, हा सारखा मान हलवून ‘नाही, नाही’ म्हणतोय. पूर्वी मी हसून सोडून द्यायचो. पण पुढे एकदा मला खरंच ‘नाही’ म्हणायचं होतं आणि कुणी ऐकलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक टेबलावर आम्ही दोनशे भावंडं रांगेत उभी होतो. टेबलाच्या टोकाला एक बाई बसायची. ती प्रत्येकाला मिनिटभर चालू करून कान लावायची आणि बुडाखाली एक चिठ्ठी चिकटवायची. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘आवाज : नाही’. आमच्या जातीत याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. पुढे माझं काय झालं ते ऐकलंत की या चिठ्ठीचं तुम्हालाही हसू येईल. अर्धीमुर्धी ती अजून माझ्या बुडाला चिकटलेली आहे.

पहिली आठ वर्षं मी दातांच्या डॉक्टरांकडे काढली, बाहेरच्या खोलीत. डावीकडे गाल धरून बसलेली माणसं, उजवीकडे गाल धरून बसलेली माणसं. आतून यंत्राचा घूंऽऽ असा आवाज आला की सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघायचे. माझ्याकडे कुणी बघत नसे. एके दिवशी नाव पुकारल्याबरोबर एक धिप्पाड गृहस्थ ताडकन उठले, ते आत जाण्याऐवजी थेट दाराकडे पळाले, आणि माझी वायर त्यांच्या पायात अडकली. मी तोंडावर आपटलो.

माझं एक पातं वाकलं. ते फिरताना जाळीला लागायचं आणि टिक, टिक, टिक असा आवाज व्हायचा. आधीच घाबरलेल्या माणसांना तो ऐकून आणखी कापरं भरायचं. दुसऱ्या दिवशी माझी रवानगी भंगारवाल्याकडे झाली.

तिथे मला तो भेटला.

आजूबाजूची माणसं त्याला खुडबुड्या म्हणायची. मीही तेच म्हणतो, कारण त्याला ते नाव आवडायचं. काटकुळा माणूस, केस पिंजारलेले, एका पायात चामड्याचा बूट आणि दुसऱ्या पायात रबरी. चालताना दोन पावलांचे दोन वेगळे आवाज यावेत म्हणून. त्याचा पोटापाण्याचा धंदा होता पियानो सुरात लावण्याचा. शाळांमधले, सभागृहांमधले, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले पियानो तो दिवसभर कान लावून नीट करायचा. इतका अचूक कान साऱ्या शहरात नव्हता म्हणतात. आणि त्या कानाला संध्याकाळपर्यंत सुराचा अगदी वीट आलेला असायचा.

भंगारवाल्यानं त्याच्यापुढे माझ्याहून देखणा एक पंखा ठेवला. “हा घ्या साहेब. तो नका घेऊ, तो आवाज करतो.”

“चालू करून दाखवा,” खुडबुड्या म्हणाला. माझी टिकटिक सुरू झाली. त्यानं डोळे मिटले, कान जाळीला लावला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. “हाच द्या.”

“अहो, पण आवाज...”

“म्हणून तर.”

ज्या दोषापायी मी रस्त्यावर आलो, त्याच दोषापायी मला कुणी कडेवर उचलून घरी नेत होतं. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला लाज म्हणू की आनंद, ते अजून ठरत नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एकच मोठी खोली, मागे छोटं स्वयंपाकघर. मला भिंतीला लागून एका उंच स्टुलावर ठेवलं. माझ्या डावीकडे खिडकी आणि खिडकीशी त्याची मोठी बहीण. तिला सगळे ताई म्हणत, भाजीवाल्यापासून घरमालकापर्यंत. शिंप्याच्या दुकानातून शर्टांचे गठ्ठे येत आणि ताई दिवसभर त्यांना काजं करायची, बटणं लावायची. उजवीकडे खुडबुड्याचं टेबल. त्यावर डबे, तारा, स्प्रिंगा, फुटकी घड्याळं, रंगांच्या बाटल्या. समोर एक लाकडी कपाट, ज्याचं दार उघडताना लांब कण्हायचं. बहीण-भाऊ दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं. दोघं एकमेकांशी भांडत मजेत होते.

“हे आणखी एक आणलंस?” पहिल्याच दिवशी ताई म्हणाली. “नळ गळतोय, खुर्ची करकरतेय, कपाट रडतंय. आता हा टिकटिकणार. मी माणूस आहे की कोण?”

“ताई, दुरुस्त मात्र करायचं नाही काही. पिकतंय ते.”

हे त्याचं ठरलेलं उत्तर. आवाज पिकतो, असं तो म्हणायचा. नळाखाली त्यानं पत्र्याचा डबा ठेवला होता आणि रोज सकाळी ऐकून सांगायचा, “कच्चा आहे अजून.” खुर्चीच्या करकरीला पिकायला सहा वर्षं लागली. ताई कपाळाला हात लावायची. “लोकांच्या घरी आंबे पिकतात,” ती म्हणायची, “आमच्याकडे गंज पिकतो.”

माझ्याकडून त्यानं चित्रंही काढून घेतली. जाळीला दोरीनं कोळशाचा तुकडा टांगायचा, खाली कागद पसरायचा, आणि मी डावीकडून उजवीकडे जाताना कागदावर कमानी उमटायच्या. अशी साठ-सत्तर चित्रं झाली. वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. खाली पाटी होती : ‘चित्रकार : टेबल पंखा’. आणि बारीक अक्षरात, ‘कागद बदलणारा’ म्हणून त्याचं स्वतःचं नाव. कुणी म्हणालं, वेड लागलंय. कुणी म्हणालं, थोर आहे. ताई म्हणाली, “निदान जमीन तरी झाडून घे, कोळसा पडलाय सगळीकडे.”

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. मी आल्यावर वर्षभरानं एका दुपारी त्यानं माझी मान मागून उघडली, आतल्या दांड्याशी काहीतरी बारीकसं वाकवून अडकवलं आणि पुन्हा बंद केली. तेव्हापासून मी डावीकडे टोकाला पोचलो की थांबायला लागलो. पुरता एक श्वास थांबायचो, मग मानेतून कुर्रर्र आवाज यायचा आणि मी परत फिरायचो. उजवीकडे असं काही होत नसे. का केलं ते त्यानं मला सांगितलं नाही. मला वाटलं, गाण्यासाठी असेल. त्याचं सगळं गाण्यासाठीच असायचं.

त्याच सुमारास ताईचे केसांतले आकडे नाहीसे व्हायला लागले. “माझे आकडे जातात कुठे?” ती विचारायची. “घर खातं,” तो म्हणायचा. ताईला घामाचा फार त्रास, मानेवर केस आले की चिडचिड व्हायची, त्यात आकडा सापडायचा नाही. आकड्यांवरून त्या घरात जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरूनच झाली नसतील.

शेवटची तीन वर्षं तो एका मोठ्या रचनेवर काम करत होता. तिचं नाव ‘दुपार’. वाद्यं चार : नळ, खुर्ची, कपाटाचं दार आणि मी. वहीत त्यानं प्रत्येकाचं पान केलं होतं. त्याचा एक मित्र होता, बासरीवाला. हा बासरीत फुंकर घालायचा नाही, नुसती बोटं आपटायचा, यावरून दोघांची दोस्ती का जमली ते ओळखा. बासरीवाला दर महिन्याला विचारायचा, “कधी वाजवायचं रे?” आणि खुडबुड्या म्हणायचा, “थांब. पिकू दे.”

ते पिकायच्या आत तोच गेला.

मला हे सांगायचं नाही, पण सांगितल्याशिवाय माझी मान स्वस्थ बसणार नाही. दुपार होती. तो उजवीकडे खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याचं एक बोट माझ्या टिकटिकीबरोबर मांडीवर हलत होतं. मी डावीकडे गेलो. ताई निळ्या शर्टाला काज करत होती. एक श्वास थांबलो, कुर्रर्र केलं, परत आलो. बोट हलत नव्हतं.

मला कळलं. ताईला कळलं नाही, कारण तो नेहमीच तसा बसायचा. मी पुन्हा डावीकडे गेलो, पुन्हा उजवीकडे आलो. चौदा वेळा गेलो-आलो. प्रत्येक वेळी ताईपाशी थांबायचो आणि वाटायचं, आता तरी वर बघ. मला आवाज करता येत होता, पण मला येणारा आवाज तोच एक होता आणि तो तिच्या सवयीचा झाला होता. पंधराव्या वेळी दोरा संपला म्हणून ती उठली. त्या चौदा फेऱ्या अजून माझ्या मानेत आहेत.

महिनाभरानं बासरीवाला आला. म्हणाला, “ताई, त्याच्या आठवणीसाठी माणसं जमवू या. इथेच, याच खोलीत. ‘दुपार’ वाजवू. वही मला द्या, मी बसवतो.”

ताईनं वही दिली. आणि मग तिनं जे केलं ते निव्वळ मायेनं केलं, हे आधी सांगतो, म्हणजे तुम्ही तिला नावं ठेवणार नाही. भावाच्या कार्यक्रमाला चाळीस माणसं येणार, त्याच्या वस्तू लोकांसमोर मांडणार, आणि त्या अशा मोडक्यातोडक्या? तो होता तोवर त्यानं कशाला हात लावू दिला नाही. लोक म्हणतील, बहिणीला एवढंही जमलं नाही. तिनं नळवाला बोलावला, सुतार बोलावला, आणि शेवटी पंख्याचे मिस्त्री आले.

मी जिवाच्या आकांतानं मान हलवत होतो. नाही, नाही, नाही. मिस्त्रींनी मला आधी बंद केलं. म्हातारे गृहस्थ, हात फार हलका. पातं सरळ केलं. मान उघडली, चिमट्यानं आतून काहीतरी उपसून काढलं आणि पुटपुटले, “हे कुणी कोंबलं होतं आत?” ते त्यांच्या डबीत गेलं. मग तेल. ते थंडगार तेल मानेत उतरताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. चालू केलं तर मी कारखान्यातून निघालो त्या दिवसासारखा फिरलो. तब्येत सुधारली आणि वाचा गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी माणसं जमिनीवर दाटीवाटीनं बसली होती. बासरीवाल्यानं दोन शब्द बोलायला सुरुवात केली, ते अर्धवट टाकून तो तडक नळापाशी गेला. डबा सरकवला. सगळे कान टवकारून बसले. थेंब पडेना. त्यानं नळ थोडा हलवला. नळ कोरडा ठणठणीत.

तो खुर्चीत बसला, मागे रेलला. खुर्ची गप्प. त्यानं कपाटाचं दार उघडलं. दार लोण्यासारखं उघडलं. त्यानं मला चालू केलं आणि मी लोकांवर छान, गार, मुका वारा घालू लागलो.

बासरीवाला पांढराफटक पडला. ताई दारात उभी होती, नवी साडी नेसून, हातात पाण्याचा तांब्या. “काय झालं?” तिनं हळूच विचारलं. “सगळं नीट करून घेतलंय की मी.”

त्याला तिला सांगवेना. तो मध्ये जमिनीवर बसला आणि वहीत लिहिलं होतं तितकी बावीस मिनिटं सगळे तसेच बसून राहिले. शेवटी एका दाढीवाल्या गृहस्थांनी उठून ताईचे हात हातात घेतले. “अप्रतिम! मौनाचा केवढा मोठा प्रयोग!” म्हणाले. ताईनं मान डोलावली. माणसं गेली. करायला गेली काय आणि झालं काय, ते तोवर तिच्या ध्यानात आलं होतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ज्या आवाजांवरून ती तीस वर्षं भांडली, ते तिनं स्वतःच्या हातानं घालवले होते. ती खुर्ची मागेपुढे हलवून बघायची. नळ अर्धवट उघडून बघायची, तर धार यायची, थेंब नाही. मला तर तीन-तीनदा चालू-बंद करायची, जाळीवर चापट्या मारायची. “बोल ना रे,” म्हणायची. मी गपगुमान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. तिच्यापाशी थांबावंसं वाटायचं आणि थांबता यायचं नाही. गुळगुळीत मान मला तिच्यावरून तशीच पुढे न्यायची. एवढा अस्वस्थ मी भंगारातही नव्हतो.

एका सकाळी ती वही घेऊन बसली. बासरीवाला ती ठेवून गेला होता. त्यानं त्यातली मोजमापं आणि मिनिटं तेवढी वाचली होती. ताईला मोजमापांतलं कळत नव्हतं, म्हणून ती समासातलं वाचत होती. माझ्या पानावर आली. ती मोठ्यानं वाचायची, तिची सवय.

“‘पंखा. वेग दोन. डावीकडे जरा जास्त थांबतो. तो तसाच थांबू द्यावा. ताईला घाम लवकर येतो.’”

तिनं ते पुन्हा वाचलं. मग वही मिटली आणि शर्टांच्या गठ्ठ्यावर आपटली. “मूर्ख!” ती ओरडली. “तोंडानं सांगायला काय झालं होतं?” आणि ती रडायला लागली. तो गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. मीही चकित होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी गातोय.

दुपारी तिनं मिस्त्रींना बोलावून आणलं.

“काय, पुन्हा बिघडला?” त्यांनी विचारलं.

“नाही. बिघडवून हवाय.”

मिस्त्री खुर्चीत बसले. “ताई, चाळीस वर्षं पंख्यांचे आवाज घालवतोय. बिघडवायचं कसं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.”

“डावीकडे थांबायचा तो. तेवढं करून द्या.”

मिस्त्रींनी डोकं खाजवलं, मग पिशवीतून ती डबी काढली. जुनं काही टाकायचं नाही, ही कारागिरांची खोड, आणि त्या खोडीचा मी जन्मभर ऋणी आहे. त्यांनी डबी कागदावर उपडी केली आणि स्क्रू-वायसरांमधून एक गंजकी, वाकडी वस्तू बोटानं बाजूला केली. “हे निघालं होतं याच्या मानेतून.”

ताईनं ती उचलली. खिडकीपाशी नेऊन पाहिली. केसांतला काळा आकडा होता तो.

“घर खातं म्हणे,” ती म्हणाली. बस, एवढंच म्हणाली.

मिस्त्रींनी तो आकडा चिमट्यात धरून सरळ करायला घेतला आणि गंजलेला तो कट्कन मोडला. मला वाटलं, संपलं. मग ताईनं हात मागे नेला, स्वतःच्या अंबाड्यातला एक आकडा उपसला आणि त्यांच्यापुढे धरला. “हा घाला.”

तो घातला. मिस्त्रींनी मला दोनवर लावलं. मी उजवीकडून निघालो, समोरच्या कपाटावरून गेलो, डावीकडे पोचलो. आणि थांबलो. पूर्ण एक श्वास थांबलो. तिच्या कपाळावरची केसांची बट हलली. मग माझ्या मानेतून आवाज आला, पण तो कुर्रर्र नव्हता. नव्या आकड्याचा आवाज बारीक आणि किरटा होता, पहिल्याच्या पासंगालाही पुरणार नाही असा.

“हा काही बरा आवाज नाही,” मिस्त्री ओशाळून म्हणाले. “काढू का?”

ताई डोळे मिटून ऐकत होती. अगदी त्याच्यासारखी. मी दोनदा गेलो-आलो तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले.

“राहू द्या,” ती म्हणाली. “कच्चा आहे अजून.”

सध्या मी इथेच आहे, त्याच स्टुलावर. ताईनं नळाचा वायसर काढून फेकून दिलाय आणि खुर्ची पावसात गच्चीवर ठेवली होती. बासरीवाला दर महिन्याला येतो, विचारतो, आणि ताई त्याला थांब म्हणते. उजवीकडची जागा रिकामी आहे. तिकडे गेलो की मला अजूनही ते बोट दिसेल असं वाटतं, म्हणून घाईघाईनं परत फिरतो. डावीकडे मात्र थांबतो.

तुमच्या घरी कुणाच्या मागे राहिलेली एखादी करकरणारी, गळणारी, टिकटिकणारी वस्तू असेल, तर मिस्त्रींना बोलावण्याआधी एक दुपार तिच्याजवळ बसा, एवढंच मागणं आहे.

नवा आकडा घातला त्या दिवशी निघताना मिस्त्रींनी सवयीनं तेलाची कुपी काढली. “थेंबभर सोडू का मानेत?”

मी मान हलवली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि कुपी पिशवीत ठेवून दिली.